अंगणातल्या दोन पाट्या

अग्निशमन केंद्रातल्या वर्गणीच्या पॅनकेक-न्याहारीच्या रांगेत डोलोरेसच्या पुढे एल्मर आणि क्लेटन हे शेजारी उभे होते. चार वर्षांपूर्वी सर्वोच्च न्यायालयातल्या न्यायाधीशाच्या रिकाम्या खुर्चीवरून दोघांचं असं फाटलं, की मासेमारीचा अख्खा हंगाम बुडाला. होडी एल्मरची आणि तिचं इंजिन क्लेटनचं. आता पुन्हा निवडणुकीचं वर्ष, पुन्हा खुर्ची रिकामी, आणि उद्या मासेमारीचा हंगाम सुरू होणार. डोलोरेसने कान टवकारले.

“एल्मर, तेव्हा तूच म्हणायचास ना, निवडणुकीआधी न्यायाधीश नेमू नका?”

“तेव्हा राष्ट्राध्यक्ष तुमच्या पक्षाचा होता, क्लेटन.”

“आणि आता तुमचा, म्हणून घाई?”

“सिनेटनं खुर्ची लगेच भरावी, म्हणून गळा कोण काढत होतं? आता भरू दे की!”

“नाही. आता लोकांना ठरवू दे.”

“अरे, हे माझं वाक्य आहे!”

“ठाऊक आहे. तेव्हा प्रचाराला तुझ्या अंगणात रोवलेली ती पाटी आहे का अजून?”

“‘लोकांना ठरवू द्या’? गॅरेजात आहे. का रे?”

“मला हवीय. नवी छापून यायला दोन आठवडे लागतात म्हणे.”

“आणि तुझी ‘खुर्ची भरा’वाली?”

“तळघरात आहे. घेऊन जा.”

“माझ्या पाटीचा एक पाय वाकलाय. तूच उपटली होतीस.”

“मीच सरळ करतो, लेका.”

“मग पहाटे इंजिन घेऊन ये. पाटी होडीतच ठेवतो.”