पिस्तुलातलं तूप

(मार्गशीर्षातली सकाळ. अनसिंग. दौलतरावांच्या ओसरीत, फडक्यावर, सुटं केलेलं नवं पिस्तुल आणि बाजूला एक गोळी. समोर मदनसिंग बसलाय. लढाईत तो पलटणीच्या बंदुका दुरुस्त करायचा, आता शिवणयंत्रं दुरुस्त करतो. दाराशी दौलतरावांची बायको गोजराबाई.)

मदनसिंग : ...आन् ही गोयी आतच होती. रातभर भरलेलं पिस्तुल फडताळात, तोंड सैपाकघराकडं. पलटनीत यासाठी तीन दिवस कोठडी होती.

दौलतराव : बिघाड काय हाय ते सांग. नागपूरच्या दुकानदारानं फसवलं मले.

मदनसिंग : त्यानं नाई फसवलं. हे पिवयं काय हाय?

दौलतराव : तेल.

मदनसिंग : तेलाले असा वास नसते. वयनी, पाहा बरं.

गोजराबाई : तूप हाय. गाईचं. दसऱ्याले शस्त्रपूजा केली तवाचं.

मदनसिंग : हयद-कुंकू बी हाय. आन् हा अक्षतीचा दाना.

गोजराबाई : हयद-कुंकू म्या वरतून वाह्यलं. आत याहीनं घातलं.

दौलतराव : तूच म्हनला होता, तेल देत जा. तेल तं लोकं कुऱ्हाडीले बी देतात. विलायती वस्तूले काय तेच द्याचं? वाटीभर कढवून ओतलं.

मदनसिंग : म्या थेंबभर सांगतलं होतं. हे समझून घ्या. या नयीत टाचनी हाय. घोडा दाबला का ते पुढं जाते, गोयीच्या बुडावर ठोका देते, मंग बार होते. थंडीनं तूप गोठलं. टाचनी जाते, पन घाई करत नाई.

दौलतराव : दुपारपावतर साफ होईन का? पंच येऊन राह्यले धुऱ्यावर, दोन वावराच्या मधात.

गोजराबाई : पंचाइले पिस्तुल कायले लागते?

दौलतराव : माह्या खिशात राहीन. धुऱ्यावरची बाभूय इंद्रभाननं न इचारता तोडली. गाडीचं जू कराले.

गोजराबाई : पाठचा भाऊ हाय तुमचा. एका बाभयीसाठी? मदनसिंगभाऊ, नका करू दुरुस्त. तसंच राहू द्या.

मदनसिंग : बसा, वयनी. दौलतराव, बिघडलं हे कवा समजलं?

दौलतराव : काल पहाटं. वावरात. रानडुक्कर आलतं.

मदनसिंग : किती लांब होतं?

दौलतराव : दहा पावलं.

मदनसिंग : घोडा दाबला?

दौलतराव : दाबला. टिक वाजलं निस्तं.

मदनसिंग : आन् डुक्कर?

दौलतराव : उभं राह्यलं.

मदनसिंग : पयालं नाई.

दौलतराव : नाई.

गोजराबाई : काल पहाटं वावरात तं इंद्रभानभाऊजी होते. बाभयीच्या फांद्या गाडीत भरत होते.

मदनसिंग : हे गोयीचं बूड पाहा. ठोका हाय. हलका हाय, पन हाय. तूप नसतं तं बार झाला असता.

गोजराबाई : तुमी दाबला.

दौलतराव : भेव दाखवाचं होतं मले. बोट कसं दाबलं गेलं समजलं नाई.

गोजराबाई : त्याहीनं पाह्यलं?

दौलतराव : पाह्यलं ना. गाडी हाकलून चालला गेला. रातभर डोयाले डोया नाई माह्या. आता तो सोडते का मले? म्हनून म्हनतो, खिशात पाह्यजे.

मदनसिंग : आज सकायी तो माह्या दुकानी आलता.

दौलतराव : वाशीमले चालला असन. रपोट द्याले.

मदनसिंग : नाई. मले सांगाले.

दौलतराव : मंग तुले हिनं नाई बलावलं?

गोजराबाई : म्या नाई बलावलं.

मदनसिंग : तो म्हने, दादाचं नवं पिस्तुल बिघडलं. दादाचं तोंड उतरलं हाय. जाऊन पाहून दे.