साच्यातलं 'कै.'

नीला: सम्यक, पान उघडलं तेव्हा बरोबर होतं रे. 'कालकथित महेंद्र'. फोटोवर बोट ठेवलं आणि पप्पांच्या नावापुढे 'कै.' आलं.

सम्यक: परत?

नीला: परत म्हणजे? तुला माहीत होतं?

सम्यक: सकाळीच बदललेलं मी, आई. थांब, लॅपटॉप बघतो. हं, ब्राउझरवालं राहिलं.

नीला: मला कळेल असं सांग. उद्या पप्पांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे, अख्ख्या विठ्ठलवाडीत लिंक गेलीय. आपण बौद्ध कधी कैलासवासी म्हणतो का?

सम्यक: आमच्या साइटवर श्रद्धांजलीच्या पानाचा साचा एकच असतो. तुझ्या चकलीच्या सोऱ्यासारखा. नाव, तारीख, फोटो दरवेळी वेगळे. तो साचा कंपाइल करून, म्हणजे मशीनला कळेल असा करून, दोन ठिकाणी ठेवतो. पान पहिल्यांदा उघडतं ते आमच्या सर्व्हरवर बनून येतं. मग तू काही दाबलंस की तुझा मोबाइल स्वतःच बनवतो. मी सर्व्हरचं नवीन केलं, मोबाइलचं जुनंच राहिलं.

नीला: बरं. पण साच्यात 'कै.' घातलं कोणी?

सम्यक: ते आधीपासून होतं.

नीला: आधीपासून म्हणजे? कोणीतरी घातलंच असेल ना.

सम्यक: मीच. तीन वर्षं झाली. ठाण्याच्या ऑफिसात नवीन लागलेलो. नीरजा मॅडमनी नमुना दिला, त्यात तेच होतं. आमच्यात कालकथित म्हणतात, असं सगळ्यांसमोर सांगावं लागलं असतं. नाही सांगितलं.

नीला: तुझे पप्पा मानपाड्याला कंपनीत नोटीस बोर्डावरचं 'कै.' खोडायचे. सगळ्यांदेखत, पेन घेऊन. फोरमन ओरडला तर म्हणायचे, माणूस आमचा आहे, नाव आम्ही लिहू.

सम्यक: माहितीय गं. म्हणून तर लाज वाटतेय.

नीला: वाटू दे.

सम्यक: झालं. दोन्हीकडचं कंपाइल केलं. आता नावाआधी काय लिहायचं ते साइट घरच्यांनाच विचारेल. काही नाही भरलं तर नुसतं नाव. बघ, फोटो दाब.

नीला: हं. कालकथित.

सम्यक: आता ठीक?

नीला: यांचं ठीक. आणि जुनी पानं?

सम्यक: आपल्या लोकांना एकेक फोन करून विचारावं लागेल.

नीला: मग पहिला वैशालीला कर. तिच्या आईच्या पानावर हेच आलेलं. गेल्या वर्षी मला विचारायला आलेली बिचारी. मी म्हटलं, आमचा सम्यक असं लिहिणार नाही, कॉम्प्युटरनेच केलं असेल.