वाळूच्या पट्ट्यावरची शैला

मंडळी, बसून घ्या. मागच्यांनी पुढे या, जागा आहे.

शैलाला निरोप द्यायला शाळेतले जुने सहकारी आलात, कॉलनीतले शेजारी आलात, तिच्या माहेरची माणसं येवल्याहून आलीत. तिचे यजमान मधुकरराव काल मला म्हणाले, "नलूताई, तुम्हीच बोला. मला नाही जमणार." बावीसेक वर्षं मी वर्गात बोलले, पण असं कधी बोलले नाही. सांभाळून घ्या.

शैला भूगोल शिकवायची, मी मराठी. दिवाळीच्या सुट्टीत सगळे फराळ संपवत असायचे, आणि आम्ही दोघी नाशिकच्या सीबीएस स्टँडवरून जव्हारमार्गे डहाणूची एसटी धरायचो. तिथे तिची मावशी राहायची. थंडीच्या तोंडाला दूरदूरच्या देशांतून पक्षी त्या किनाऱ्यावर उतरतात. ते बघायला शैला जायची. मी जायचे ते मावशीच्या हातचं खायला. हे तिलाही माहीत होतं.

एका पक्ष्याची ती फार वाट बघायची. पांढराशुभ्र, पाठीवर काळा पट्टा, उंच पाय, जाडजूड काळी चोच. खेकडे खातो. आपल्या किनाऱ्यावर क्वचितच येतो. दर वर्षी मी विचारायचे, "दिसला का गं?" ती म्हणायची, "नाही. पुढच्या वर्षी बघू."

नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. ओहोटी होती. शैला दुर्बीण घेऊन चिखलातून लांबच्या एका वाळूच्या पट्ट्यावर गेली. मी किनाऱ्यावर बसले होते. शेजारी मासळी सुकवणारी एक बाई होती, जमनाबाई. ती एकदम उठली आणि म्हणाली, "बाय, तुझी मैत्रीण तिकडं हाय नं? पानी भरतंय."

मी बघितलं. मधल्या ओहोळात पाणी शिरलं होतं. शैला पलीकडे, आणि तिच्या चारी बाजूंनी समुद्र. मी हाका मारल्या. वाऱ्यात कुणाला ऐकू जाणार? जमनाबाई घराकडे पळाली, नवऱ्याला होडी काढायला सांगायला. मी तिथेच उभी. मधुकररावांना काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात होतं.

पट्टा लहान होत गेला. आणि शैला हलेना. हात नाही, हाक नाही. मला वाटलं, भीतीने गारठली.

होडी तिला घेऊन आली तेव्हा ती कमरेपर्यंत भिजली होती. मी तिला ओरडणार होते, पण तिला मिठी मारली आणि दोघी रडलो. मग ती म्हणाली, "नलू, घाबरले होते गं. फार घाबरले होते. पण पाणी चढलं तसे सगळे पक्षी त्या कोरड्या तुकड्यावर यायला लागले. चिखले आले, तुतवार आले, कुरव आले. आणि त्यांच्या मागून तो आला. माझ्यापासून चार हातांवर उभा राहिला. मी हलले असते तर उडून गेला असता."

मी म्हटलं, "आणि बुडली असतीस तर?"

ती म्हणाली, "तेही मनात होतंच."

मी एसटीडी बूथवरून नाशिकला फोन केला. घडलं ते सगळं सांगितलं. मधुकरराव म्हणाले, "तिला सांगा, आता पुरे. परत जायचं नाही." शैलाने फोन माझ्या हातातून घेतला. "मग पुढच्या वर्षी तुम्ही चला. माझ्याकडे लक्ष ठेवा." आणि मंडळी, हे गृहस्थ खरंच आले. नंतर एकही वर्ष चुकवलं नाही. भरतीची वेळ आधी कोळीवाड्यात विचारायची, हे काम त्यांनी स्वतःकडे घेतलं.

गेली दोन वर्षं शैलाची फुप्फुसं थकली होती. चार पावलं टाकली की धाप. तरी या दिवाळीनंतर गाडी करून आम्ही तिला डहाणूला नेलं. वाळूत खुर्ची मांडली. दुर्बीण धरायची ताकद नव्हती, म्हणून मधुकरराव बघून सांगत होते. "कुरव आलेत बरं का."

"कुरव नाहीत हो, सुरय आहेत. शेपटी बघा जरा."

ते पुन्हा चुकले. तिने पुन्हा दुरुस्त केलं. ते खरंच चुकत होते की तिला बोलतं करत होते, मी कधी विचारलं नाही. त्या संध्याकाळी ती पोटभर जेवली.

डॉक्टरांनी आम्हाला आधीच सांगितलं होतं, शेवट कठीण जाईल, श्वासासाठी तडफड होईल, मनाची तयारी ठेवा. त्या भीतीने या घरात कित्येक दिवस कुणाला धड झोप नव्हती. मधुकररावांनी तर तिच्या पलंगाशेजारी खुर्चीतच रात्री काढल्या.

तसं काही झालं नाही. सकाळी तिने चहा घेतला, बाहेर कोण भांडतंय म्हणून विचारलं, "जरा पडते," म्हणाली आणि झोपेतच गेली. चेहऱ्यावर कसलाही त्रास नव्हता. म्हणून आज मी रडतेय आणि मला हायसंही वाटतंय. तुम्हालाही तसं वाटत असेल तर मनाला लावून घेऊ नका. जिच्यावर जीव असतो तिची सुटका झाली की असंच वाटतं.

शैला, मैत्रिणी, तुला माझा नमस्कार.

आता आपण थोडा वेळ शांत उभे राहू या. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी बसूनच राहावं.

मधुकरराव, तुम्हीही बसा. बरीच वर्षं पहारा दिलात.