एक मेणबत्ती जास्तीची

(काकूंचं शिवणकामाचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. सकाळची वेळ. काका खिडकीशी बूट पुसत बसलेत. परदेशातून शिकायला आलेली, त्यांच्याकडे राहणारी मुलगी कपडे वाळत घालून रिकामी बादली घेऊन दारात उभी आहे.)

काकू : ती बादली खाली ठेव आणि बस इथे. मशीन बंद केलंय मी, म्हणजे मी काय म्हणते ते नीट ऐकू येईल.

मुलगी : माझं काही चुकलं का, काकू?

काकू : ते तूच सांगायचंस. तू गच्चीवर होतीस तेव्हा तुझा फोन या टेबलावर वाजत होता. थांबेचना. म्हटलं, घरी काही तातडीचं असेल, म्हणून उचलला. तर पडद्यावर तुझं अख्खं घर. आई, आजोबा, भाऊ, भावाच्या मांडीवर मांजर. दाटीवाटीने बसलेले सगळे. मी तोंड उघडायच्या आत गायलाच लागले.

काका : सुरात नव्हते.

काकू : तुम्ही बूट पुसा. शब्द काही कळले नाहीत, पण वाढदिवसाची ती चाल मी झोपेतसुद्धा ओळखेन. आणि मी वेडी, मीपण गायले त्यांच्याबरोबर. शेवटपर्यंत. टाळ्यासुद्धा वाजवल्या. मग डोक्यात उजेड पडला, की अगं बाई, वाढदिवस आहे तरी कोणाचा?

काका : मी म्हटलं, मांजराचा असेल.

काकू : मी खुणेने विचारलं. तर तुझ्या आईने भिंतीवरचा तुझा फोटो काढून समोर धरला.

मुलगी : माझाच आहे, काकू. आज.

काकू : मग थंडीच्या तोंडाशी आपण केला तो कोणाचा?

मुलगी : तोही माझाच. म्हणजे कागदावरचा. आजोबांना मला भावाबरोबर शाळेत घालायचं होतं, म्हणजे दोघं एका वाटेने जाऊ-येऊ. मी वयात बसत नव्हते. गुरुजी म्हणाले, थोडी मोठी करून टाकू, आणि तारीख मागे नेली. तीच पुढे सगळीकडे लागली. कॉलेजने तुम्हाला कळवली तीही तीच.

काका : गुरुजींनी मोठी केली? बरं आहे. मी बस चालवत होतो तेव्हा अर्ध्या तिकिटासाठी आया पोरांना लहान करायच्या. एकाला तर मिसरूड फुटलेलं होतं.

काकू : तुम्हाला सगळ्याची गंमत वाटते. थांबा जरा. म्हणजे केकवर एक मेणबत्ती जास्त लावली मी?

मुलगी : हो.

काकू : आणि तू विझवलीस. मुकाट्याने.

मुलगी : काय करणार होते? कॉलेजातून आले तर दाराला पताका. काकांना तुम्ही दोनदा बाजारात पिटाळलेलं. वरच्या मजल्यावरच्या आजी काठी टेकत खाली आलेल्या. मला इथे येऊन पुरते दोन आठवडे नव्हते झाले, तुमच्या भाषेतलं धड वाक्य येत नव्हतं. आणि त्या आजींना काय सांगणार, की पुन्हा वर जा?

काका : गेल्या नसत्या. केक दिसला होता त्यांना.

काकू : भाषा तेव्हा येत नव्हती. आता तर माझ्याशी दरांवरून भांडणाऱ्या गिऱ्हाइकाला तू उत्तरं देतेस. आता का नाही सांगितलंस?

मुलगी : रोज ठरवायचे. पण जितके दिवस जात गेले तितकं ते जड होत गेलं. मग वाटलं, राहू दे. तुम्हाला वाईट वाटेल.

काकू : वाईट वाटू नये म्हणून परक्या माणसाला जपतात. घरातल्याला तोंडावर सांगतात. मी गेल्या आठवड्यात म्हटलं नाही तुला, की त्या निळ्या कपड्यात तू उशीच्या अभ्र्यासारखी दिसतेस?

मुलगी : म्हणालात.

काकू : मग?

काका : अगं, पुरे आता. रडवशील तिला, वाढदिवसाचं.

काकू : मी रागावलेली नाहीये. मला एवढंच कळत नाहीये की माझा उपास गेला कुठे.

मुलगी : कसला उपास?

काका : सांगून टाक.

काकू : सांगून करायची गोष्ट नसते ती. पण आता उसवलंच आहे तर ऐक. माझ्या दोन्ही मुलांच्या वाढदिवसाला मी दिवस मावळेपर्यंत काही खात नाही. कोणी सांगितलेलं नाही, माझं मीच देवाशी ठरवलेलं. मुलं दूर गेली, तरी मोडलं नाही. तुझ्यासाठीही धरला. ही पोर आपल्या दारात आलीय, हिला इथे काही होऊ देऊ नकोस, एवढंच मागितलं. दिवसभर मशीनवर बसले आणि पोटात नुसतं पाणी.

काका : मला कळलं होतं. त्या दिवशी रश्श्यात मीठ दोनदा पडलेलं. चव घेतली नव्हती ना.

मुलगी : मला ठाऊकच नव्हतं, काकू.

काकू : आता सांग, तो कोणाच्या नावावर लागला? दिवसच तुझा नव्हता. आणि आज, तुझ्या खऱ्या दिवशी, मी सकाळी उठून पोटभर खाल्लं. वर तुझ्या ताटलीतलं उरलेलंही संपवलं.

काका : देव काय तारखा बघत बसतो? ऐकलं असेल त्याने.

काकू : तुमचा आणि देवाचा संबंध येतो कधी, म्हणून बोलताय?

काका : तुझ्यामार्फत येतो. हे बघ, माझं साधं म्हणणं आहे. तू तिला कोट दिलास त्या दिवशी, स्वतःचा उसवून, तिच्या अंगाचा करून. खऱ्या तारखेपर्यंत थांबली असतीस तर आज दिला असतास. बाहेर बघ ऊन. पोरगी मधल्या मधे गोठून गेली असती.

मुलगी : काकू, मी एक सांगू?

काकू : सांग.

मुलगी : ती तारीख मला कधीच आवडली नाही. शाळेत त्या दिवशी बाई मला उभं करायच्या, सगळा वर्ग टाळ्या वाजवायचा, आणि मला दुसऱ्याचं काही उचलल्यासारखं वाटायचं. घरी आल्यावर कोणाच्या लक्षातही नसायचं. असणार कसं? त्यांच्या लेखी तो साधा दिवस. आजोबा तर विसरूनच गेलेत कोणती तारीख दिली ते. जिथे तिथे लिहिते मी ती, पण ती कोणाचीच नव्हती.

काकू : हं.

मुलगी : त्या संध्याकाळी तुम्ही तो कोट माझ्या खांद्यावर टाकलात, बटणं लावून बघितलीत, आणि म्हणालात, बाही थोडी लांब ठेवलीय, अजून वाढशील. मला रडू आलं. तुम्हाला वाटलं, घरची आठवण आली.

काकू : आली नव्हती?

मुलगी : आली होती. पण त्याने नाही रडले. त्या तारखेला कोणीतरी माझी वाट बघत होतं, म्हणून रडले. तुमचा उपास वाया नाही गेला, काकू. तो दिवस रिकामाच होता. तुम्ही धरलात म्हणून माझा झाला.

काका : ऐकलंस?

काकू : ऐकतेय. तुझ्या आईला माहीत आहे हे?

मुलगी : दुसऱ्याच दिवशी सांगितलं. आधी खूप हसली. मग जरा वेळाने म्हणाली, आपला दिवस आपल्याकडे आहे, तो कागदावरचा त्यांना राहू दे. तेव्हापासून रोज देवाला हात जोडताना आमच्या सगळ्यांनंतर तुम्हा दोघांचं नाव घेते. काकांचं दुखऱ्या गुडघ्यासकट.

काका : म्हणूनच उतार पडलाय.

काकू : आणि मी त्यांच्यासमोर टाळ्या पिटत बसले. काय म्हणाल्या असतील.

मुलगी : काही नाही म्हणणार. तुम्ही गायलात ना.

काका : आज कितवं लागलं गं तुला, खरं खरं?

मुलगी : जेवढ्या मेणबत्त्या तेव्हा लावल्या होत्या, तेवढंच.

काका : बघ. म्हणजे ती जास्तीची मेणबत्ती आज बरोबर झाली. हिशेब मिटला.

काकू : तुमचे हिशेब तुमच्यापाशी. पोरी, तो कोट आण बरं कपाटातून.

मुलगी : आत्ता? उकडतंय, काकू.

काकू : आण म्हटलं ना. परीक्षा झाली की तू जाशील, मग राहून जाईल. हात पुढे कर. बघ, बाही बरोबर आली. खालची दुमड मात्र सोडावी लागेल. आज सोडते. पुढच्या थंडीच्या तोंडाशी, त्या तारखेला, मी इथे उपास धरणार. तू तिथे हा अंगात घालायचा.

मुलगी : आमच्याकडे थंडी नसते, काकू.

काकू : मग नुसता खांद्यावर टाक. घटकाभर.