दोन तासांची घाई

वहिनी : काल दोन तास वाचवलेत, भावजी. एवढाच तुमचा नफा. मॅच पहिल्या षटकापासून बघायला मिळाली.

दीर : मी लवकर गेलो असं कोण म्हणतं?

वहिनी : ही टाकी म्हणते. घाला हात आत. काय लागतंय?

दीर : बुळबुळीत गोळ्या.

वहिनी : माशाच्या डोळ्यांएवढ्या! अहो, ती गाळ बसवायची पावडर स्वच्छ पाण्याच्या बादलीत चिमटीचिमटीने भुरभुरायची, तासभर मुरू द्यायची, मग टाकीत सोडायची. तेव्हा कुठे दगडाची भुकटी एकमेकींना धरून तळाला बसते, आणि निवळ पाणी पुन्हा दगड कापायच्या करवतीला जातं. तुम्ही डबाच उपडा केलात. कोरडा!

दीर : तुम्ही जेवायला गेला होतात. गढूळ पाणी ठेवून पाळी सोडता येत नाही. म्हटलं, दुप्पट पावडर, अर्धा वेळ.

वहिनी : वा! दुप्पट घोरलं की मध्यरात्रीच उजाडत असेल तुमच्याकडे.

दीर : करवत ठीक आहे ना?

वहिनी : कसली ठीक? गोळ्यांनी तोट्या तुंबल्या, पातं कोरडं फिरलं आणि जळालं.

दीर : मालकांना कळलं?

वहिनी : सकाळीच सांगितलं मी. म्हटलं, माझ्याच हातून डबा सांडला.

दीर : वहिनी!

वहिनी : सोमवारी तुम्हाला मुकादम करतायत. आपल्या घरातलं एक तरी माणूस खुर्चीत बसू दे.

दीर : आणि तुमचं काय?

वहिनी : टाकीवरचं काम गेलं. उद्यापासून सहा महिने कोरड्या घासाईला.

दीर : त्या धुळीत? दादाची छाती गेली, तिथेच?

वहिनी : हळू बोला. जिना चढताना ते तीनदा थांबतात. मीही थांबेन त्यांच्याबरोबर, सोबत होईल.

दीर : हा डबा धरा.

वहिनी : कुठे निघालात? भावजी, मुकादमी हातची जाईल!

(अर्ध्या तासाने तो परत येतो. ती टाकीतलं पाणी काचेच्या पेल्यात घेऊन उजेडाकडे धरून उभी आहे.)

वहिनी : हे बघा, बसायला लागलंय थोडं थोडं. काय म्हणाले?

दीर : टाकी तुमचीच.

वहिनी : आणि खुर्ची?

दीर : दुसऱ्या कुणाची तरी. घासाईला माणूस हवाच होता त्यांना.

(ती पेला टाकीच्या कठड्यावर ठेवते.)

दीर : दादाचा मास्क आहे का हो घरी अजून?

वहिनी : आहे. पट्टी सैल झालीय. आवळून देते.