हॅनराहनचा नकाशा

– आंबवलीकर म्हणजे आंबवलीचे, आणखी काय? तिसऱ्यांदा विचारताय. खोली बघायला आलात ना, मग खोली बघा – एसी चालतो, वीज भाड्यातच, अख्ख्या माहूज भागात अशी मिळणार नाही. पण तुमचं लक्ष खोलीत आहे कुठे? ‘मूळचे कोणते आंबवलीकर’ – म्हणजे जात कुठली, एवढंच ना? शिसारी येते मला. विमानात बसून बहरीनला आलात आणि सामानातून हेच आणलंत.

आमचा मॅनेजर हॅनराहन, आयरिश. केबिनमध्ये भिंतभर नकाशा लावलाय – त्यांचं आडनाव क्लेअर परगण्यातलं, मग दुष्काळ पडला, उपाशी माणसं बोटीत बसून अमेरिकेला गेली, ऑस्ट्रेलियाला गेली, जिथे गेली तिथे ठिपका. येईल त्याला दाखवतो. उपाशी होतो, हाकलले गेलो, हेसुद्धा छाती काढून सांगतो – आणि कोणी नाक मुरडत नाही. गेल्या महिन्यात शामरावदादा आले होते, व्हिजिट व्हिसावर, त्यांना ऑफिस दाखवायला नेलं. त्यांनाही दाखवला नकाशा. मग विचारतो, तुमचं आडनाव काय, ते कुठे कुठे पसरलं? दादा खुलले – म्हणाले, सांग त्याला, आम्ही कांबळे, आजोबा असेच उपाशीपोटी बोटीत बसून मुंबईच्या गोदीत गेले, एक चुलते कराचीला राहिले. आणि दारात ऑफिसातला एक मराठी माणूस, अगदी तुमच्यासारखा, कान टवकारून. मला म्हणतो, हे भाऊ ना तुमचे, मग कांबळे कसे? काय सांगितलं मी? – सांगितलं, छे, भाऊ कसले, आमच्या गावचे आहेत. ओळखीचे.

हो, सख्खे. मी आडनाव बदललं तेव्हा तालुक्याला माझ्याबरोबर तेच आले होते. म्हणाले, तुला नोकरीत त्रास नको, माझं राहू दे. तुमची किळस येतेच हो – पण माझी जास्त येते. पुष्पलता, आमची मंडळी, अजून माझ्याशी धड बोलत नाही. दादांनी तिकीट अलीकडच्या तारखेचं करून घेतलं, याच खोलीत बॅग भरली. एअरपोर्टवर मी वाकलो, तर मागे सरले. ज्यांनी मला खांद्यावर घेऊन शाळेत पोचवलं, ते मला म्हणाले – येतो, आंबवलीकरसाहेब. तुम्हाला त्रास दिला.

– का, उठलात? आत्तापर्यंत खोली पसंत होती की. नाही, राहू द्या, ऐकायचं नाही मला. जा. दार ओढून घ्या.