पुलाच्या पट्टीवरचा दीड फूट

समारंभाचे अध्यक्ष आणि आमचे कार्यकारी अभियंता विजयसिंह साहेब, व्यासपीठावरचे मान्यवर, आज निवृत्त होणारे आपले नदीमापक आकाराममामा आणि गावाहून आलेल्या सर्व मंडळींनो,

मामांच्या गौरवाचं बोलायचं आहेच. आधी घडलं ते क्रमाने सांगते.

१. मे महिन्यात पुलाच्या खांबाला बुडाशी नवं काँक्रीट बसलं. पाणी मोजायच्या पट्टीचा जुना शून्य त्यात गाडला गेला. रंगाऱ्याने काँक्रीटच्या माथ्यापासून नवी पट्टी रंगवली. पट्टी दीड फूट कमी दाखवू लागली.
२. १६ जूनला मामांनी ते कार्यालयात सांगितलं.
३. २६ जुलैला पट्टीवर साडेअडतीस फूट दिसत होतं. खरं पाणी चाळीसवर, इशाऱ्याच्या रेषेला होतं. ते तासाला तीन इंच चढत होतं. इशारा सहा तास उशिरा गेला.
४. नदीकाठच्या बायडाबाईंच्या चार म्हशी दावणीलाच बुडाल्या.
५. चौकशी अहवाल म्हणतो, मापकाची नोंद चुकली.

गगनबावड्याच्या माथ्यावर पडलेलं पाणी तीन ओढे पोटात घेऊन सात तासांनी आमच्या पुलाखाली येतं. निसर्गाने गावाला सात तास दिले होते. त्यातले सहा कुणी घालवले?

जूनमध्ये मामा विजयसिंह साहेबांना म्हणाले होते, "सायेब, देवळाच्या खालच्या पायरीला पाणी लागलं की वीस फूट. एकतीस वर्सं बघतोय. पट्टी साडेअठरा दावतीया."

साहेब म्हणाले, "मामा, पट्टीवर दिसेल तेच लिहायचं."

"मग नदीलाबी सांगा की, पट्टी बघून चढ म्हणून!"

सगळे हसले. मीही हसले.

मामांनी दिसेल तेच लिहिलं, आणि शेजारी रोज शेरा मारला : पट्टी दीड फूट कमी दाखवते. संगणकाच्या नमुन्यात शेऱ्याला जागा नाही. कार्यालयात त्या नोंदी संगणकात भरत होते मी. एकेचाळीस दिवस शेरा वाचला आणि सोडून दिला.

बायडाबाई मागच्या रांगेत बसल्या आहेत. पुरानंतर त्या मामांना म्हणाल्या, "आकारामदा, तुजा आकडा ऐकून मी निवांत बसले की रं." त्या दिवसापासून दोघांत बोलणं नाही. आणि आपण मामांना शाल देतो आहोत, अहवाल तसाच ठेवून.

मामांची नोंदवही मी सोबत आणली आहे. ती, माझ्या चुकीच्या लेखी कबुलीसह, अध्यक्षांसमोर ठेवते.

आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात उणं-अधिक झालं असेल तर पोटात घाला. आकड्यात झालं असेल तर इथेच दुरुस्त करा.

साहेब, अहवालातून मामांचं नाव काढणार की नाही, याचं लेखी उत्तर १५ सप्टेंबरपर्यंत द्यावं. एक प्रत बायडाबाईंना पाठवावी.